पट्टा चढल्यावर

बाबा, तुमच्या आंधळेपणाची मला कधी कीव आली नाही, हे आधीच सांगते. कीव यावी असं तुम्ही वागतच नव्हता. जठारपेठेतून गाण्याच्या शिकवण्यांना तुम्ही एकटे जायचात. पुढे कुत्रा, हातात त्याचा चामडी पट्टा. रस्त्यावरचं पिल्लू तुम्हीच वर्षभर शिकवून तयार केलेलं. नियम एकच होता. "पट्टा चढला का त्याले हाक मारायची नाई, खायाले द्यायचं नाई. थो कुत्रा नाई, माहे डोये हायेत." कोणी लाड केलाच तर मार कुत्र्याला बसायचा, लाड करणाऱ्याला नाही.

मी सतरा वर्षांची होते. घरी येणाऱ्या शिकवणीच्या मुलींसमोर तुम्ही मला गाताना मधेच थांबवलंत. "तुह्या गयात सूर नाई, फुटका डबा हाय. जा, भाकरी थाप." मुली फिदीफिदी हसल्या. मी गेले आणि भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक शिळी पदराआड घेऊन नालीपलीकडे उभी राहिले. तुम्ही आलात. मी नुसतं चुचकारलं.

कुत्रा आडवा धावला आणि तुम्ही नालीत. पानठेल्यावरची माणसं हसताहेत, तुमचं धोतर काळं झालंय आणि तुम्ही पट्ट्याच्या मोकळ्या टोकानं कुत्र्याला झोडताय. तो पळत नाही, पट्टा चढलेला आहे ना. "कोनी बोलावलं याले?" तुम्ही ओरडता. मी जवळ येऊन म्हणते, "कोनी नाई बाबा, थोच चळला." संध्याकाळी तुम्ही त्याला एका गाडीवानाबरोबर दूर कुठंतरी सोडायला लावलंत.

मग तुमचा हात माझ्या हाती आला. लोक तुम्हाला सोडून मला विचारू लागले, "यायले चहात साखर चालते का?" तुम्ही शेजारीच बसलेले, आणि तुम्हाला तर दोन चमचे लागायचे. मी म्हणायचे, "नाई, बिनसाखरेचा द्या." एक सूर चुकला तर पेटी आपटणारे तुम्ही, तो चहा मुकाट प्यायचात.

एकदा असंच कुणाच्या घरून उठताना तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत आणि हळूच विचारलंत, "बाई, घरी नेशीन ना?" तेव्हा कळलं, चुचकारणारी कोण ते तुम्हाला केव्हाचं ठाऊक होतं. जन्मभर कानांवर जगलेला माणूस, त्याला पोटच्या पोरीचा आवाज कळणार नाही होय! तुम्ही मला भीत होता, बाबा. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहिते. मला ते आवडलं होतं.