पळपुट्यांचं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा पळपुट्यांच्या दारातून बाहेर! तासभर रांगेत उभी राहिली, फलाटावर पोचली, गाडी आली, लोखंडी फाटक उघडलं – आणि आई शेजारच्या छोट्या दारातून जिना उतरून खाली. आयत्या वेळी कच खाणाऱ्यांसाठी ते दार असतं. पार्कातल्या प्रत्येक मोठ्या राइडला असतं. रोज वापरणारी मात्र माझी आई एकटीच.

खाली आली ती थेट माझ्यापाशी. मी प्रवेशाशी, पोरांची उंची मोजायची काठी घेऊन. म्हणाली, "उद्या नक्की."

मी बरं म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ओस्वाल्डोने आज विचारलंच. तो वर फलाटावर असतो, गाडी सोडायचं बटण त्याच्याकडे. आईला रोज बघतो. मिस आर्डिसना – आईला तो असंच म्हणतो – नक्की हवंय तरी काय, म्हणाला.

सांगितलं. बाबा दर वसंतात ओहायोहून इथे दक्षिणेला यायचे ते फक्त जेनीसाठी. जेनी म्हणजे आमचा हा लाकडी रोलर कोस्टर – म्हातारी, खडखडणारी, वळणावर हाडं मोजून घेणारी. "जेनीला भेटून येतो," असं म्हणून बाबा रांगेत, आणि आई खाली बाकावर बॅगा सांभाळत. लग्न झाल्यापासून हेच. आई एकदाही चढली नाही. "तुझ्या बापाची जेनी," असं नाक मुरडून म्हणायची. नोव्हेंबरात बाबा गेले. जानेवारीत आई माझ्याकडे आली. म्हणाली, मर्लला, म्हणजे बाबांना, शब्द दिलाय, एकदा त्या जेनीत बसायचं. बसले की चालले घरी.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. बसली की काढणार.

ओस्वाल्डो म्हणाला, "म्हणजे ती घाबरतेय तोवर तुझ्याकडे."

हो. तेच. पण हे असं सरळ कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पळाली. बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एवढ्या उकाड्यात तो जांभळा लोकरी स्वेटर! सगळं पार्क चड्ड्यांमध्ये आणि आमच्या आईसाहेब हिवाळ्यात. काढ म्हटलं तर म्हणते, रांगेत पंखे असतात, वारं बाधतं. उजवा हात खिशात, डाव्या हातात पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी. पुढच्याला एक, मागच्याला एक. कुठून आलात, किती दिवस, पोरगा किती वर्षांचा. फलाटाशी पोचेपर्यंत तिला त्यांच्या घरच्या कुत्र्याचं दुखणंसुद्धा ठाऊक असतं.

विस्कॉन्सिनच्या एका बाईने तिला आपला पत्ता लिहून दिला. मी इथे इतकी वर्षं राहतेय, मला शेजारणीचं आडनाव माहीत नाही.

ओहायोत तिचं काय आहे? बर्फ, दुखरं कंबरडं आणि हार्लन मामा – तोही गाडीने अर्ध्या तासावर. बाबांची रक्षा त्याच्याकडे ठेवलीय म्हणते. जमीन मऊ झाली की मे महिन्यात पुरणार.

माझ्या घरात ती सकाळी रेडिओबरोबर गाते. सूर काही धड नाही. पण मी चहा घेऊन त्या खोलीच्या दाराशी थांबते जरा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोटीतल्या भुतांच्या राइडमध्ये आज कुणीतरी राख सांडली. व्हॅलेंटाइनचा दिवस, दर वर्षी एक तरी असतंच. गेलेल्या माणसाची आवडती जागा म्हणून लोक चोरून आणतात, कधी औषधाच्या डबीत, कधी मोज्यात. आमच्या कामाच्या रेडिओवर आम्ही 'राखाडी' म्हणतो, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही. मग राइड बंद, बारीक जाळीचा व्हॅक्यूम, पिशवी कचऱ्यात, राइड चालू.

रात्रीच्या जेवणाला आईला सांगितलं. गंमत म्हणून. तिचा काटा हवेतच राहिला.

"पिशवी कचऱ्यात?" म्हणाली.

मग, कुठे टाकणार? ती उठली. भांडी घासली, पुसली, आणि पुन्हा घासली. मला वाटलं, बाबांची आठवण झाली असेल. कुठून बोलले असं झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ब्रँटलीने सगळ्यांना बोलावलं. आमचा नवा साहेब – बूट कायम नवे. एक मार्चपासून जेनीची रांग बंद. सकाळी सातला फोनवर त्या दिवसाचे नंबर उघडतील. नंबर मिळाला की दिलेल्या वेळी यायचं, फोन दाखवायचा, बसायचं. मिनिटभरात संपतील; नाही मिळाला तर नाही. रांगेची ती लांब शेड पाडून तिथे टी-शर्टचं दुकान.

"उभं राहायला कुणाला आवडत नाही," म्हणाला. "लोकांना फिरायचं असतं, खायचं असतं, खरेदी करायची असते."

एका बाईला आवडतं, असं म्हणणार होते.

घरी आईला सांगितलं. म्हणाली, "आणि धीर कुठे गोळा करायचा?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रांगेचा शेवटचा दिवस. आई तीनदा उभी राहिली, तीनदा पळाली. शेवटच्या वेळी ओस्वाल्डोने तिला दार उघडून धरलं आणि कमरेत वाकला. पेपरमिंट मिळाली त्याला.

१ मार्च, शनिवार

खरं सांगायचं तर कामाला छान आहे हे. रडकी पोरं नाहीत, चक्कर येऊन पडणारे नाहीत, "आमची माणसं पुढे आहेत हो" म्हणत घुसणारे नाहीत. येतात, फोन पुढे करतात, हिरवा दिवा लागतो, जातात. माझ्याकडे कुणी बघत नाही. फोन बघतो फक्त.

आईकडे नंबर नव्हता. तरी आली! जिथे रांगेचं तोंड होतं तिथे आता फळ्या ठोकल्या आहेत, रंगवलेल्या. त्या फळ्यांसमोर जाऊन उभी. मी म्हटलं, चहाच्या सुट्टीत जाऊन समजावू.

सुट्टी होईपर्यंत तिच्या मागे लोक!

आधी एक जोडपं. कशाची रांग, असं विचारलं म्हणे त्यांनी. आई खोटं बोलत नाही, म्हणाली, "मलाही माहीत नाही, पण मी पहिली आहे." ते थांबले. मग ढकलगाडीत जुळी असलेलं एक कुटुंब. मग एकदम शाळेची सहल. इथल्या माणसाचा स्वभावच तो – रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते मग विचारायचं. दुपारपर्यंत शेपूट लिंबाच्या सरबताच्या गाडीपाशी पोचलं. मधल्या एका टोपीवाल्याने मागच्यांना खात्रीने सांगितलं की नवीन राइडची गुपचूप चाचणी चाललीय.

आणि आई? पेपरमिंट वाटत होती.

ब्रँटली धावत आला, रेडिओ हातात. पहिल्या माणसाला विचारायचं म्हणून आईला विचारलं, "मॅडम, आपण कशासाठी उभ्या आहात?"

आई म्हणाली, "तुम्ही काय देताय?"

ओस्वाल्डो वरून बघत होता. त्याला गाडी सोडायचं सुचेना, इतका हसला.

शेवटी ब्रँटलीने सगळ्यांना फुकट सरबत देऊन पांगवलं.

२ मार्च, रविवार

फुकट सरबताची बातमी लागली. रांग कालच्या दुप्पट.

३ मार्च, सोमवार

फळ्यांपुढे दोर बांधला आणि एक रखवालदार उभा केला. आईला अदबीने बाकावर बसवलं. तोच बाक. बाबांच्या बॅगांचा.

५ मार्च, बुधवार

आई म्हणाली, मला फोनवर नंबर काढून दे. मला ते बारीक दिसत नाही. रांग नाही तर नाही. विचार करायला वेळच नसेल तर कदाचित बसेनही, म्हणाली.

बरं, म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

सातला उठले. फोन हातात. नंबर उघडले. बोट बटणाच्या वर धरलं, टेकवलं नाही, आणि बघत राहिले. मिनिटभरात संपले, अगदी ब्रँटली म्हणाला तसे.

"संपले," मी आईला सांगितलं. खोटं नाही ते.

९ मार्च, रविवार

दर मार्चसारखी रात्रीतून सगळ्यांची घड्याळं तासाने पुढे गेली; उठेपर्यंत सात वाजून गेलेले. माझ्या पथ्यावरच पडलं – आज कारण शोधावं लागलं नाही. आई टोस्टला लोणी लावत होती. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टोस्टकडे. रेडिओ बंद होता.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर बाकावर बसते. समोरून लोक जातात, माना फोनमध्ये. पेपरमिंटची पिशवी भरलेली. चालत्या माणसाला गोळी कशी देणार?

१३ मार्च, गुरुवार

आई हार्लन मामाशी फोनवर बोलत होती. नंबर काही मिळत नाही, म्हणाली, तर तशीच येते. मग मला सांगितलं, पुढच्या आठवड्यातलं तिकीट बघ.

"बाकावरच बसायचं तर ते मी घरीही बसेन की गं."

म्हणजे मी इतके दिवस बोट वर धरून मिळवलं काय? जेनीत बसली असती तरी जाणार, नाही बसली तरी जाणारच. उलट न बसता जाईल, बाबांना दिलेला शब्द तसाच ठेवून. तेही माझ्यामुळे.

ती जायला नको आहे मला. लिहिलं एकदाचं.

१४ मार्च, शुक्रवार

ओस्वाल्डोला सगळं सांगितलं, बोटाचंसुद्धा. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने आपल्या आईने पाठवलेली मांसाची करंजी अर्धी तोडून दिली. म्हणाला, "तुझं बोट जड आहे. माझं हलकं आहे. उद्या सातला मी बघतो."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. करंजी खाल्ली.

१५ मार्च, शनिवार

मिळाला! दुपारचा नंबर, आईच्या नावावर.

ती फोन डाव्या हातात धरून आली. ओठांना रंग, केस विंचरलेले, जांभळ्या स्वेटरला चक्क इस्त्री. उजवा हात खिशात. मी फोन तपासला. हिरवा दिवा.

"आई, ते दार डाव्या हाताला आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. मळलेली वाट आहे ती."

आणि गेली. ना पंखे, ना विस्कॉन्सिन, ना कुणाचा कुत्रा. मी जिन्याकडे बघत राहिले. जिन्याने कुणी उतरलं नाही. साखळीचा आवाज सुरू झाला तेव्हा वर पाहिलं – पहिल्या चढावर, तिसऱ्या ओळीत, बाबांच्या नेहमीच्या जागेवर जांभळं काहीतरी. अगदी टोकाला गेल्यावर तिने एक हात वर केला. मला बघून हलवत होती. मीही हलवला, काठीसकट.

मग माझी सुट्टी झाली. आत्ता कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसून लिहितेय. रात्री तिची बॅग भरायला घ्यावी लागेल. घर किती गप्प असायचं ते आठवतंय.

रेडिओवर ओस्वाल्डो. व्हॅक्यूम मागतोय. मी आधी म्हटलं, ओक झाडांचा पराग असेल, या दिवसांत सगळीकडे पिवळं असतंच. तर नाही. राखाडी. तिसरी ओळ.

कुणाचं तरी असेल. जाते.

१५ मार्च, संध्याकाळ

बाबा होते.

व्हॅक्यूम नाही लावला. सीटवरचं सगळं ओल्या रुमालाने टिपून घेतलं. रुमाल माझ्या खिशात. ओस्वाल्डो तोवर पाठ करून उभा होता.

आई बाकावर होती, केस उभे, गाल लाल. स्वेटरच्या खिशातून दालचिनीची जुनी बाटली काढली आणि मला दाखवली. राखेने जवळजवळ भरलेली.

"चमचाभरच सोडला. सगळा एकदम कसा सोडू गं? उद्याचा नंबर बघ."

सातचा गजर लावलाय. ओस्वाल्डोलाही लावायला सांगितला.