अकराव्या माळ्यावरची कॉमन भिंत

प्रिय रतन,

माझं अक्षर बघून हसशील. हसलास तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि मनालीच्या फोनवर लावायची माझी हिंमत होत नाही. ती ‘काका, बाबा झोपलेत’ म्हणते आणि मला मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र. तुझा बोरिवलीचा पत्ता श्रुतिकाने, म्हणजे माझ्या नितेशच्या मुलीने, तीनदा तपासला. तरी मला धाकधूक आहेच. त्याच नावाच्या दोन सोसायट्या आहेत म्हणे तिकडे. भलत्याच कोणी उघडलं तर माझी सगळी लाज चव्हाट्यावर.

आधी बातमी सांगतो, कारण रविवारपासून माझ्या पोटात मावत नाहीये. आपल्या घाटकोपरच्या चाळीच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली रे! बावीस माळे. खालून बघताना टोपी पडते. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये घरांच्या चिठ्ठ्या काढल्या. तुला निरोप होता, तू आला नाहीस. उलट सेक्रेटरी सुबोध सगळ्यांसमोर बोलला, ‘रतनकाका घर विकायचं म्हणतायत, एजंटचा फोन आला होता.’ माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. पुढचं सांगतो, पण त्याआधी एक वेगळीच गंमत सांगतो. तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

बिल्डरने आम्हाला चाळीस पानांचे कागद दिलेत, सगळे इंग्रजीत. तू मॅट्रिक झालेला, तुला काही वाटलं नसतं. मी पाचवीतून उठलेला. पण एक शब्द मला ओळखता येत होता, कारण आपल्या चाळीच्या संडासावर तो पांढऱ्या रंगाने लिहिलेला होता आणि चाळीस वर्षं मी लोटा घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभा होतो. कॉमन. या कागदांत तो पानोपानी आहे. कॉमन पॅसेज, कॉमन गच्ची, कॉमन मीटर, कॉमन भिंत. मला वाटलं, संडासाचं नाव घरभर कशाला लावलंय? श्रुतिका पोट धरून हसली. म्हणाली, ‘आजोबा, कॉमन म्हणजे सगळ्यांचं.’ मग मला नादच लागला. रोज संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की मी एक कॉमन विचारतो. साधी सर्दी झाली की डॉक्टर म्हणतो तोही कॉमन. तिच्या वर्गात तीन आर्या आहेत, ते नाव कॉमन. साध्या माणसाला कॉमन मॅन म्हणतात, म्हणजे आपण दोघं. व्यवहारातली अक्कल ती कॉमन सेन्स, जी माझ्याकडे नाही असं मालन रोज म्हणते. आणि गणितातही कॉमन आहे, रतन! कॉमन काढायचं असतं. दोन्हीकडे जे एकसारखं असेल ते उचलून कंसाच्या बाहेर मांडायचं. ती वहीत करत होती आणि मी बघत होतो. मनात म्हटलं, आपल्या दोन खोल्यांमधून कॉमन काढलं तर काय निघेल? चटकन उत्तर आलं. बल्ब.

आठवतो ना? मी लग्न करून आलो तेव्हा वीज फक्त तुझ्याकडे होती. मालन चिमणीच्या उजेडात भाकऱ्या करपवायची. एका संध्याकाळी तू पहार घेऊन मधल्या भिंतीतली एक वीट काढलीस आणि त्या भोकात तुझ्या मीटरवरचा बल्ब लावलास. अर्धा उजेड तुला, अर्धा मला. बटण तुझ्या बाजूला. मी इकडून ओरडायचो, ‘रतन, लाव रे!’ आणि तू मुद्दाम म्हणायचास, ‘कोण बोलतंय? अंधारात दिसत नाही.’ चार वर्षांनी माझं मीटर आलं, बल्ब गेला, पण भोक राहिलं. त्यातून वाट्या फिरायला लागल्या. शकुवहिनीचं पहिलं कालवण आलं त्या दिवशी आमच्या जातीतल्या दोन बायका दारात येऊन कुजबुजल्या होत्या. मालनने त्यांच्यासमोरच बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, ‘गो शकु, मीठ कमी पडला.’ पलीकडून तुझ्या बायकोचा आवाज, ‘मग तुमचं कोकणातलं मीठ पाठवा की!’ तीस वर्षं ती वाटी येत-जात होती. तुला आणि मला बोलावंसं वाटलं नाही तेव्हाही त्या दोघी बोलत राहिल्या.

परवा टीव्हीवर एका मालिकेत श्रीमंत सासू नव्या सुनेकडे बघून तोंड वाकडं करून म्हणाली, ‘सो कॉमन!’ मी श्रुतिकाला विचारलं, ही सून सगळ्यांची कशी? ती म्हणाली, ‘आजोबा, इथे अर्थ वेगळा. हलक्यातली.’ मला राग आला. साहेबाने एकाच शब्दात सगळ्यांचं आणि हलकं, दोन्ही कसं बसवलं? मग जेवताना आठवलं. साहेबाला कशाला नावं ठेवू? गावी आमच्या वाडीत विहीर सगळ्यांची झाली तेव्हा काही घरांनी आपली वेगळी खणून घेतली होती. त्यात आमचंही घर होतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता रविवारचं ऐक. हजर नसलेल्याची चिठ्ठी शेजाऱ्याने काढायची, असं ठरलं होतं. सुबोधने विचारलं, ‘रतनकाकांचे शेजारी कोण?’ मी हात वर केला. मागून कोणीतरी हसलं, मला ऐकू आलं. मी डब्यात हात घातला. तुझी चिठ्ठी निघाली, अकराशे एक. पूर्वेला खिडकी, डोंगर दिसतो. माझी निघाली, दुसरा माळा. नितेश खूश, मालन खूश. तुला ठाऊक आहे मला लिफ्टची किती भीती वाटते. दवाखान्यातसुद्धा मी जिन्याने चढतो. पण तुझ्या बाजूचं अकराशे दोन कोणाला गेलं माहीत आहे? रत्नप्रभाबाईंना. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, आणि अकरावा माळा ऐकून, लिफ्ट बंद पडली तर काय म्हणून, त्या तिथेच रडायला लागल्या. यादीवर सह्या व्हायच्या आत अदलाबदल चालते, असं सुबोध बोलला होता. मी उठलो. म्हटलं, ‘बाई, माझा दुसरा माळा घ्या, तुमचा अकरावा मला द्या.’ नितेश ओरडला, ‘बाबा, डोकं ठिकाणावर आहे का?’ मालनने ‘तुमका जमतला काय ता?’ एवढंच विचारलं. मग स्वतःच पेन काढून माझ्या हातात दिलं. सही केली, रतन! अकराशे एक आणि अकराशे दोन. मध्ये आपली कॉमन भिंत. काल बघून आलो. लिफ्टमध्ये डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो आणि श्रुतिका माळे मोजत होती.

आता खरं ते लिहितो. ते लिहायला मला सहा वर्षं लागली. शकुवहिनी गेल्या, तू त्यांना घेऊन कराडला गेलास, तेव्हा चाळीत मोजणीची माणसं येणार होती. पानाच्या गादीवर कोणीतरी म्हणालं की ज्या खोल्या आतून जोडलेल्या असतील त्या एकच धरणार, दोघांत एकच घर देणार. मी कोणाला विचारलं नाही. ऑफिसात गेलो नाही. तुझी वाट बघितली नाही. दुपारीच मिथुन गवंड्याला बोलावलं आणि भोक बुजवून घेतलं. मालन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू परत आलास. बायकोचं सगळं करून आलेला माणूस, आणि घरात पाय ठेवल्यावर पहिल्यांदा काय बघितलंस तर ते सिमेंट. तू त्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, ‘श्याम, ओलं आहे अजून.’ बस. महिन्याभरात बोरिवलीला गेलास. तुझ्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हाच कळलं होतं. एवढी वर्षं दिलं-घेतलं, पण शकु गेल्यावर यांनी आपली विहीर वेगळी केली. ते तसं नव्हतं, हे सांगायला त्या महिन्यात मी शंभरदा तुझ्या दाराशी आलो आणि परत फिरलो. कारण घराची भीती होती हे खरं, पण तुला न विचारता मी ते करू शकलो, दोघांत एकच घर मिळालं तर तुझंही बुडेल याचा विचारही माझ्या मनात आला नाही, हेही खरं. मोजणीवाल्याने त्या भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणून हे पत्र लिहिलं. माझं चुकलं, रतन. विकायचं असेल तर वीक, घर तुझं आहे, मी अडवणारा कोण? पण एकदा येऊन बघून मग वीक. येत्या रविवारी सकाळी दहाला चाव्या देणार आहेत, ज्याची त्यालाच. मी खाली गेटपाशी उभा राहीन, आठपासूनच राहीन. नवीन भिंत काँक्रीटची आहे, त्यातून वीट निघत नाही, मी ठोकून बघितली. पण आपल्या दोन दारांच्या मध्ये पॅसेजमध्ये एकच बल्ब आहे. काल तिथे अंधार होता आणि मी सगळीकडे चाचपडून बटण शोधत होतो. सापडलं. तुझ्या दाराच्या बाजूला आहे. मी ते दाबलं नाही.

तुझाच, भिंतीपलीकडचा,
श्याम