आबांना तो फोटो दिसू नये

१४ जानेवारी २००७, अंबरनाथ
महेंद्रचा मेल. स्पेनमधल्या त्या समुद्राकाठच्या सान सेबास्तियानमध्ये थंडी फार, पण कंपनीचं ट्रेनिंग बरं चाललंय. तिकडे म्हणे सारखे सण. नाताळात मुलांना भेटी द्यायला कोळसेवाला म्हातारा आला होता, ऑगस्टमध्ये आठवडाभर आतषबाजी असते. आणि येत्या वीस तारखेला अख्खं शहर ढोल बडवणार — रात्रंदिवस! सायबर कॅफेतून छापून आणून आबांना लेकाचा मेल वाचून दाखवला. ढोलाची ओळ गाळली.

२० जानेवारी
सकाळी फोन. मागे एवढा धडधडाट की निम्मं ऐकूच आलं नाही. "यशू, मलापण ढोल दिलाय! इथल्या कामावरच्या जोडीदारांनी त्यांच्या मंडळात घेतलं." हसत होता. "आबांना काय सांगू?" पलीकडे नुसते ढोल. मग म्हणाला, "नको सांगूस."
आबा दारात पेपर वाचत होते. "काय म्हणतो?" "बरा आहे," म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज चिरकतो. त्यांना कळलं असेल का?

२१ जानेवारी
झोप नाही. आमच्या लग्नातसुद्धा बँड नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं — "यांच्यासमोर ताटलीपण वाजवू नकोस." गावात मयतापुढे, पाटलाच्या वरातीपुढे डफडं वाजवायचं काम आपल्या लोकांकडे. वाजवून झालं की भाकरी मिळायची, तीही उकिरड्याशेजारी बसून खायची. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आबांनी डफडं नदीत टाकलं. त्यांचा सख्खा भाऊ कोंडाजी, त्याने पुढे एका वरातीत पुन्हा वाजवलं. आबा त्याच्याशी जन्मभर बोलले नाहीत. मातीलाही गेले नाहीत.
महेंद्रशीही असाच अबोला धरला तर? एकुलता एक मुलगा.

२४ जानेवारी
फोटो आला. आचाऱ्याचा पांढरा पोशाख, उंच टोपी — त्या सणाचा हाच वेश म्हणे — गळ्यात ढोल. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. सायबर कॅफेतच रडू आलं. मेल डिलीट केला.

२७ जानेवारी
संपलं! महेंद्रच्या कंपनीतला मुकेश उल्हासनगरहून मुद्दाम आला. ऑफिसात आलेल्या फोटोची मोठी प्रिंट घेऊन. "अंकल, ये देखो, आपला महेंद्र हीरो झाला!" मी चहा टाकायला आत. धावले, तोवर प्रिंट आबांच्या हातात.
आबांनी चष्मा लावला. मग, "तिथं मेलंय कोण?"
"कोणी नाही, आबा. सण आहे त्यांचा."
"हे बाकीचे कोण?"
"डॉक्टर असतात, वकील, दुकानदार. सगळेच वाजवतात."
आबा फोटो घेऊन आत गेले. दार लोटलं. जेवले नाहीत. मुकेश बिचारा विचारत राहिला, "भाभी, मेरेसे काय चुकलं का?"

२८ जानेवारी, रविवार
फोन वाजला. मी पोचायच्या आत आबांनी उचलला. मी शेजारीच उभी.
"वाजवून झाल्यावर जेवायला कुठं बसवलं तुला?" एवढंच विचारलं. महेंद्र काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. "त्यांच्यातच? एका टेबलावर?" आबांनी दोनदा विचारून घेतलं. मग रिसीव्हर माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

२९ जानेवारी
सकाळी आबा कॉटवर, फोटो समोर. बोटं कॉटच्या पत्र्यावर — ठेक्यात! मी फोडणीसुद्धा टाकली नाही. आवाजाने थांबतील, अशी भीती वाटली.