तोच हॅश

४ मार्च
आज रुजू झालो. खिडकीजवळची जागा, नवी खुर्ची आणि ऑफिसभर पसरलेलं अगाध अज्ञान. मी फायलींचे हॅश काढणार म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, म्हणजे कुलूप लावणार का? कुलूप नव्हे, ठसा. कुठलीही फाइल घाला, प्रोग्राम चौसष्ट अक्षरांची एक ओळ देतो. फायलीतला एक स्वल्पविराम हलवलात तरी अख्खी ओळ बदलते. ओळीवरून फाइल मात्र परत मिळत नाही. बाईंनी नंदीबैलासारखी मान डोलावली. छान दिवस गेला.

६ मार्च
काम सोपं आहे. माझ्या आधीचा माणूस, ज्याला सगळे अण्णा म्हणत, सर्व्हर रूममध्ये गुदमरून मेला. आग विझवायचा गॅस सुटला आणि दार अडकलं. आता चौकशी समिती बसलीय. तिला इंटरकॉमवरची रेकॉर्डिंग्ज हॅशसकट द्यायची, म्हणजे नंतर कुणी छेडछाड केली तर कळेल.

शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलं. अण्णा एकच घोकत होते, "दार उघडा, मी आत आहे." मग साहेबांचा आवाज, मीटिंग संपेपर्यंत थांबा म्हणणारा. बाई डोळे पुसत उठून गेल्या. मला कीव आली नाही. इतकी वर्षं त्या खोलीत काढून दार आतून कसं उघडतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी काय रडायचं?

१० मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज आहे तेवढा तुकडा कापायचा आणि हॅश नव्याने काढायचा. जुना अजून समितीकडे गेलेला नाही. बदल्यात नोकरी पक्की. मी आढेवेढे घेईन अशी त्यांना धास्ती होती. मला हसू आलं. या गृहस्थाला साधी लपवाछपवीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते.

तुकडा कापला. हॅश काढला. जुनाच आला.

११ मार्च
अशक्य. दोन वेगळ्या फायलींचा हॅश एक निघण्यापेक्षा साहेबांना अक्कल येणं सोपं. प्रोग्राम पुन्हा टाकला. दुसऱ्या कंप्युटरवर काढून पाहिला. रजेच्या अर्जाची फाइल घातली. तोच. रिकामी फाइल घातली. तोच.

१२ मार्च
हॅश एक म्हणजे फाइल एक. हे मीच सगळ्यांना शिकवत फिरतो. म्हणून तो अर्ज उघडला. अर्ज नाही. आवाज. दार ठोठावल्याचा, मग तेच वाक्य. व्हायरस असणार. साहेबांना ऐकवलं. ते पांढरे पडले. म्हणाले, "अण्णा कुठे? हा तर तुमचा आवाज आहे."
बिनडोक माणूस. पण मी पुन्हा ऐकलं, आणि —

१३ मार्च
बायकोला फोन केला. उशीर होईल, एवढंच सांगायचं होतं. तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. ती रडत होती. विचारत होती, कुठलं दार?

१४ मार्च
समितीसमोर गेलो. तुकडा मी कापला हे सांगणार होतो. तोंड उघडलं आणि आतून अण्णा बोलले. मग साहेबही, माझ्याच तोंडून — मीटिंग संपेपर्यंत थांबा. साहेब उठून पळत सुटले. समितीच्या लोकांनी त्या पळपुट्याला जिन्यातच धरलं. साहेबांचं भांडं फुटलं. माझं —
बोलता येत नाही. लिहिता येतं. अजून.

१५ मार्च
घरी. खिडक्या सताड उघड्या. तरी हवा नाही.

दाराला कडी लावलेली नाही, मी पाहिलं. तरी उघडत नाही. माझ्याच घरचं दार, आणि मला —

बायको पलीकडे आहे. ढकलतेय. श्वास —

ती विचारतेय, आत कोण आहे. चिठ्ठी दाराखालून सरकवतो. नाव लिहायचं, बस. दार उघडा, मी आत आहे.