आत्याचा चेहरा

१२ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखलंस ना? अकरा वर्षांत आणखी बिघडलंय, पण आहे माझंच. आम्ही सगळे सुखरूप आहोत हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्या भावोजींचा गुडघा चालत नाही आणि जीभ थांबत नाही. वर्कशॉपचं छप्पर अजून त्याच कोपऱ्यात गळतं. मी होते तशीच आहे, म्हणजे तुझ्या मते वाईटच.

आगीचं तुला कळलं असेलच. मंगळवारी दुपारी मोठ्या चर्चच्या छपरातून निघालेला धूर सगळ्यात आधी आपणच पाहिला, असं सांगणारी निदान चाळीस माणसं मला आजवर भेटली आहेत. मी त्यांतली नाही. मी काच कापत होते. बंबांचे आवाज थांबेनात तेव्हा तशीच अ‍ॅप्रन घालून धावत सुटले.

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यावरचा न्हावी तुला आठवतो? उभ्या जन्मात चर्चची पायरी न चढलेला, वर त्याचा तोरा मिरवणारा? तो हातात वस्तरा घेऊन उभा होता, शेजारी त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस, आणि दोघंही ढसाढसा रडत होते. मधला उंच मनोरा वाकला आणि छप्पर खाली आलं, तेव्हा अख्खा चौक एकदम "आई गं!" म्हणाला. मीही म्हणाले. किती तरी वेळ कुणी घरी गेलं नाही. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती, आणि हात सोडायची कुणाला आठवण होत नव्हती.

उत्तरेच्या भिंतीतल्या नऊ रंगीत खिडक्यांपैकी आठ गेल्या. बाबांनी जन्मभर सांभाळलेल्या. आचेनं काच तडकली, काचांचे तुकडे जोडणारं शिसं वितळून भिंतीवर ओघळलं. मी ते ओघळ पाहिले आणि बाबा आता नाहीत याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

नववी वाचली, कारण ती भिंतीत नव्हतीच. ती आपल्या वर्कशॉपमध्ये होती, दुरुस्तीला. आणि कुठली माहितेय? आत्या! जाळं शिवत बसलेली ती बाई, जिला आपण दोघी लहानपणापासून आत्या म्हणत आलो. बाबांच्या बहिणीसारखीच ती एक भुवई उंच करून बघायची, आपण हात न धुता जेवायला बसलोय असं.

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपसमोर रांग. लोक फुलं आणतात, आत्या ठेवलेल्या पेटीला हात लावतात, डोळे पुसतात. पेपरात माझा फोटो आलाय, "खिडकी वाचवणारी बाई". पुनर्बांधणी समितीच्या अध्यक्षबाई जाहीरपणे म्हणाल्या, "याला म्हणतात दूरदृष्टी." चर्च पुन्हा उभं राहणार यात कुणाला शंका नाही, मलाही नाही. निवृत्त झालेले म्हातारे सुतार आपापली हत्यारं घेऊन हजर झाले आहेत, त्यांना घरी पाठवता पाठवता पोलीस दमले. वसंतात बाजूचं छोटं दालन उघडायचं आणि तिथं सगळ्यात आधी आत्या बसवायची असं ठरलंय. लोकांना काहीतरी उजेडात बघायला हवं, असं अध्यक्षबाई म्हणतात, आणि ते खरंच आहे.

मी पेटीवरची चादर अजून काढलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या उंचीवरचा तिचा चेहरा खालून कुणी नीट पाहिलेलाच नाही, म्हणून तो गेलेला आहे हे लोकांना माहीत नाही. कसा गेला ते तुला ठाऊक आहेच, जुनं उगाळण्यात अर्थ नाही.

चेहऱ्यांत तुझा हात बरा होता. बरा काय, चांगला होता. सवड असली तर बघ. नसली तर मी करीन काहीतरी.

तुझी
ताई


३ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर! दोन ओळी. "आत्या वाचली, आनंद झाला. खिडकीचं शिसं बदलायला तीन आठवडे लागतात; चर्चच्या कार्यालयातल्या माणसानं मला सांगितलं की ती तुझ्याकडे चौदा महिने होती. काय करत होतीस?"

अगदी बाबांची लेक शोभतेस. नेमकी जिथं भेग तिथंच टिचकी.

पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडले. आता सांगते, मध्ये थांबू नकोस.

आपली पद्धत तुला मी काय सांगावी, पण मला ती क्रमानंच लिहायला हवी, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन. काचेची रंगवलेली बाजू नेहमी चर्चच्या आत, कोरी बाजू वाऱ्यापावसाला. खिडकी बांधून झाली की ती पुट्टीनं इतकी माखलेली असते की सुलटी-उलटी डोळ्यांना कळत नाही. म्हणून बांधणारी आतल्या बाजूच्या कडेवर खडूनं फुली मारते. परांचीवर चढून बसवणारी फक्त फुली बघते. बसवून झाली की फुली पुसते.

त्या वर्षी आत्या दुरुस्तीला आली तेव्हा ती मी बांधली होती आणि तू बसवलीस. दोन हिवाळ्यांनी बाबा वर चढले, तर ती उलटी बसलेली, रंग बाहेर, आणि तिचा चेहरा धुऊन गेलेला. ती भुवईसुद्धा.

बाबांनी विचारलं, "फुली कुठं होती?"

तू म्हणालीस, "फुली बघूनच बसवली, बाबा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी बरोबर बाजूला मारली होती."

धाकटे, मी बरोबर बाजूला मारली नव्हती. पुट्टी भरताना मी आत्याला दोनदा उलटवलं आणि दुसऱ्यांदा उलटवलेलं विसरले. बाबांनी प्रश्न विचारला त्याच क्षणी मला ते आठवलं. नंतर कधी तरी नव्हे, त्याच क्षणी. आणि तरी मी ते वाक्य बोलले. मी मोठी, वर्कशॉप पुढं मी चालवायचं, बाबांच्या नजरेतून मी उतरले असते तर माझं काय झालं असतं, एवढाच विचार. तुझं काय होईल, हा विचार शिवलाही नाही. बाबा तुला म्हणाले, "चेहरे काढणाऱ्याला डोळे नसतील तर काय उपयोग?" तू ब्रश गुंडाळलेस आणि गेलीस. मी दारापर्यंतही आले नाही.

बाबांना खरं कळलं नाही. ते गेले तेव्हा त्यांना शेवटचा निरोप द्यायला तू आलीस, मागच्या रांगेत उभी राहिलीस, निघून गेलीस. तुझी पाठ बघितल्यावर मला राहवेना. शिसं सैल झालंय अशी थाप मारून मी आत्याला खाली उतरवलं. वाटलं, पातळ काचेवर नवा चेहरा रंगवून मागून बसवला की चूक मिटेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. चौदा महिन्यांत सत्तावीस चेहरे केले. एक आपल्या गणिताच्या बाईंसारखा झाला, एक शेळीसारखा. एकाकडे बघून तुझे भावोजी म्हणाले, "ही आत्या नाही, हा आत्याचा वकील." कार्यालयाला दर आठवड्याला नवीन सबब: शिसं मिळत नाही, भट्टी बिघडली, हात दुखतो.

ही माझी दूरदृष्टी. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. त्यात आत्या वाचली, आणि लोक मला फुलं देऊ लागले. सुरुवातीला मला ते आवडलं, हेही लिहून टाकते.

तुझ्या दोन ओळी आल्यावर आवडेनासं झालं. शनिवारी सकाळी नगरभवनात समितीची सभा होती, चारशे तरी माणसं असतील. आत्या टेबलावर. मी स्वतःच चादर ओढली. जाळं, हात, निळा झगा, सगळं रंगीत काचेचं म्हणून जागच्या जागी, आणि वर चेहऱ्याच्या जागी कोरी काच. मग माईक घेतला आणि आत्ता तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. फुली, बाबा, तू, सत्तावीस चेहरे, सबबी. आवाज कापला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, हिचा आवाज कशानंच कापत नाही.

मग न्हावी उभा राहिला, "म्हणजे बाई, तुम्ही खोटं बोलला नसता, तर हीसुद्धा जळली असती?" थोडे लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतून एक म्हातारी बाई काठी आपटत म्हणाली, "ते सगळं राहू दे बाजूला. त्या धाकटीला कुणी विचारलंय का?"

नाही. अकरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. मी सभेला सांगितलं की विचारीन, आणि हेही सांगितलं की आत्याचा चेहरा धाकटी काढेल, दुसरं कुणी नाही. ती नाही म्हणाली तर आत्या अशीच कोऱ्या चेहऱ्यानं बसेल, आणि का ते विचारणाऱ्या प्रत्येकाला मी खाली उभी राहून सांगीन. त्यावर मत घेतलं. एकमतानं मंजूर झालं. आता हे मला मोडता येणार नाही, आणि मला मोडायचंही नाही.

तेव्हा विचारते आहे. येशील? मी बोलावते म्हणून नको. तुझा राग शिल्लक असेल तर तो घेऊन ये, वर्कशॉपमध्ये जागा आहे. यायचं नसेल तर तसंही लिही, एका ओळीत लिही, ते उत्तरही मी सभेत वाचून दाखवीन.

बाबांसमोर तुला खोटं पाडलं, चारशे लोकांसमोर खरं ठरवलं. बाबांसमोर खरं ठरवायचं मात्र राहिलं, आणि ते आता कधीच होणार नाही. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मला माफ कर.

तुझी अपराधी, पण तरीही मोठी,
ताई