पाटीवरचं जास्तीचं अक्षर

३ नोव्हेंबर १९३६, वडगाव

आज दवाखान्यावर नवी पाटी लागली. 'नर्स रतनबाई, जी. एन., एम.' यातलं शेवटचं अक्षर माझं नाही. जी. एन. म्हणजे जनरल नर्सिंग, आजाऱ्यांची शुश्रूषा. ती परीक्षा मी पुण्यात पास झाले. एम. म्हणजे मिडवाइफ — बाळंतपणं करणारी. तो वर्ग निराळा. त्याचे पंधरा दिवस झाले, वडील गेले, आणि मी घरी परतले.

दवाखान्याचे कारभारी महिपतराव, त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "दवाखान्याला पैसे देणाऱ्या मुंबईच्या शेटजींना बाळंतपणं करणारीच बाई हवी आहे. एका अक्षरानं काय बिघडतं? अडलं तर लोणावळ्याचे डॉक्टर आहेत."

नोकरी गेली तर आईला घेऊन कुठे जाऊ? पाटी तशीच राहू दिली.

६ नोव्हेंबर

झुंबरबाई आली, गावची जुनी सुईण. पाटीकडे बोट करून म्हणाली, "ह्ये काय लिवलंय, बाई?" मी एकेक अक्षर सांगितलं. एम.पाशी जीभ अडखळली. तिच्या ध्यानात आलं नाही.

"लय बरं झालं. माजं हात कापत्यात आता. समद्यांला सांगते, तुमच्याकडंच या म्हणून. मी सुटले."

ती सुटली. मी अडकले.

१० नोव्हेंबर, मंगळवार

लोणावळ्याचे डॉक्टर दवाखान्यात येण्याचा दिवस. त्यांच्या नावापुढची डॉक्टरकीची अक्षरं खरी आहेत — एल. सी. पी. एस. आज त्यांना सांगणारच होते. महिपतराव खुर्चीवरून हललेच नाहीत. डॉक्टर गाडीला निघून गेले.

१४ नोव्हेंबर

वर्गातली वही काढली. अकरा पानं लिहिलेली. पुढे कोरी.

१९ नोव्हेंबर

आज झालं ते सगळं लिहिते.

सकाळी ठाकरवाडीवरून कान्हू आला. बायको भागूबाई कालपासून अडलेली. झुंबरबाईकडे गेला नव्हता. तिनंच माझं नाव सांगून ठेवलेलं. गेले. भागूबाईनं माझा हात घट्ट धरला, म्हणाली, "आता भ्या न्हाई." मी पोट चाचपलं, पाणी उकळायला लावलं, "होईल, होईल" म्हणत राहिले. दोन तास! दोन तास मी नुसतं सोंग केलं.

मग बाळाचा हात बाहेर आला. डोकं नाही — हात. हे अकरा पानांत नव्हतं.

कान्हूच्या आईला मी बाहेर नेलं. "मावशी, मी हे शिकलेली नाही. पाटीवर खोटं लिहिलंय." ती कान्हूला म्हणाली, "झुंबरीला आण. पळ."

झुंबरबाईनं पोटावर हात ठेवला. "आडवं हाय. ह्ये माज्या हातचं न्हाई. डाक्टरकडं न्या." मला बाजूला सारून तिनंच बाज मागवली.

बाजेवर घालून स्टेशनात आणलं, दुपारच्या गाडीनं लोणावळा. डॉक्टरांनी पोर सोडवलं. मेलेलं होतं. भागूबाई वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का?" मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले.

२० नोव्हेंबर

डॉक्टर स्वतः येऊन महिपतरावांशी बोलले. पाटी उतरवली. पुण्याच्या मिडवाइफच्या वर्गासाठी ते मला चिठ्ठी देणार आहेत. भागूबाई पेज प्याली म्हणे.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

२१ नोव्हेंबर

गावातल्या दोघी पोटुशींच्या घरी गेले. खरं काय ते सांगितलं. एकीच्या सासूनं दार लावून घेतलं. लावू दे.

२४ नोव्हेंबर

भागूबाई गेली. ताप चढला तो उतरलाच नाही.

कान्हू सांगायला आला. रागावला नाही. उंबऱ्यापाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "बाई, सकाळच्याला तुमी आलात, तवाच तिला न्हेली असती, तर जगली असती का वो?"

मला माहीत नव्हतं. तेही मी शिकले नव्हते.