परीक्षेआधीचा क्लच

४ फेब्रुवारी, मंगळवार. नांदेड
गाडीखाली पुन्हा तेलाचे डाग. आज थाळीएवढे. शफीक मिस्त्री खाली शिरून आले. म्हणाले, ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तीन-चार दिवस.
मंगल कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली. तेरा तारखेला तिची आरटीओची परीक्षा. बायकोचं वय बावन्न, गाडीचं अकरा. चार महिने दोघी एकमेकींना शिकवतायत. लातूरला आईकडे स्वतः गाडी घेऊन जायचं, एवढंच तिला हवं आहे. एवढंच, पण फार हवं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
कॉलेज सुटल्यावर गॅरेजला. गिअरबॉक्स जमिनीवर. मिस्त्रींनी क्लच प्लेट तळहातावर घेऊन दाखवली, भाकरी झाली का बघावं तशी उलटी-सुलटी केली.
"चालंल साल-सहा महिने. कदाचित न्हाई बी चालणार. पण सर, गिअरचा डब्बा उतरलेलाच हाय. आत्ता नवा टाकला तर टाकला. मागून पुन्हा सगळं खोलावं लागंल."
सरळ हिशेब. मी हो म्हणणारच होतो. मग म्हटलं, घरी विचारतो.
घरी उत्तर तयार: नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तिचं म्हणणं असं. परीक्षेत चढावर गाडी थांबवायची, मागे न घसरता पुन्हा काढायची. हे तिला तीन महिने येत नव्हतं. उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खाऊन आता येतं. हा क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलंय. नवा वेगळीकडे पकडेल. आणि मध्ये चारच दिवस.
मी म्हटलं, लातूरच्या वाटेत लोह्याच्या पुढे जुन्याने दगा दिला तर?
"अहो, परीक्षेच्या तोंडावर तुम्ही पोरांचं पुस्तक बदलता का?"
विद्यापीठ बदलतं, म्हणालो. ती हसली नाही.
आणखी एक. प्लेट एवढी कशाने झिजली, असं मिस्त्रींना फोनवर विचारलं होतं. मनात अर्थात शिकाऊ पाय. ते म्हणाले, शिकणारीनं चार महिन्यात एवढी घासली नसती. हा पाय वर्षानुवर्षं क्लचवर नुसता बसून राहिलेला हाय.
माझा. मंगलला सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
दुकानातून नवा क्लच सेट घेतला. खोकं काखेत मारून गॅरेजला गेलो. बसवा म्हणालो. भाभींना कळू देऊ नका.
मिस्त्रींनी खोकं घेतलं, माझ्याकडे पाहिलं, हात पुसले. बरं, म्हणाले.
चोरीला कारण आहे. ती एकटी रस्त्यावर असेल, मी इथे वर्गात असेन.

८ फेब्रुवारी, शनिवार
गाडी आली. आधी मी एक चक्कर मारली. पेडल मऊ. पाय ठेवताच आत जातं, सोडताना बोटाबोटाने वर येतं. कुठे पकडलं कळतही नाही आणि गाडी निघालेली. नवेपण पायाला कळतं, हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं आपण काय तुडवत होतो?
संध्याकाळी मंगल. उड्डाणपूल, चढाच्या मध्यावर थांबली. निघाली. पुन्हा थांबली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा मागे ट्रक होता, तरी वीतभरही घसरली नाही.
मी खिडकीबाहेर बघत होतो. चेहरा सांभाळता येत नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज गुरुद्वाराच्या बाजूने, गर्दीतून. छान. सिग्नलला तिने सहज विचारलं, पेडल हलकं लागतंय न्हाई? मी म्हटलं, असेल, ग्रीस वगैरे. ती म्हणाली, असेल.
घरी येईपर्यंत गुणगुणत होती.
पास झाली तर ती समजेल जुन्यावर झाली. नापास झाली तर कारण मला एकट्याला ठाऊक.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सांगून टाकलं. सकाळी, चहाच्या वेळी. खोकं, गॅरेज, सगळं. पायाचंही.
मंगल ऐकत राहिली. मग कप खाली ठेवला आणि हसायला लागली. हसत हसत पायरीवर बसली.
"डिकी उघडा."
डिकीत स्टेपनीशेजारी खोकं. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही.
शुक्रवारीच तिनेही मिस्त्रींना फोन केला होता, जुनाच बसवा म्हणून सांगायला. मिस्त्रींनी तेव्हाच माझं सगळं ओकलं. मग तिला म्हणाले, दोघांचे दोन हुकूम झाले भाभी, परीक्षा तुमची हाय, तुमचं ऐकतो. क्लचची केबल साफ करून तेल सोडलं, थोडी ओढून बांधली. बस.
पाच दिवस तिला माहीत होतं. पाच दिवस ती मला बघत राहिली होती.
"नवेपण कसं वाटलं?" हे आज चार वेळा विचारलं. वही तिला दाखवणार नाही. पण शनिवारची नोंद खोडतही नाही. पेडल खरंच मऊ होतं.
दुपारी फोनवर मिस्त्रींना म्हणालो, तुम्ही मला फसवलं. ते म्हणाले, तुम्ही फसायला खोकं स्वतः घेऊन आलते सर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आरटीओ. मी कुंपणाबाहेर. तिच्या आधीचा तरुण चढावर दोनदा बंद पडला.
मंगल चढली. थांबली. ब्रेकचा लाल दिवा. मी मोजायचं नाही ठरवलं होतं, तरी मोजलं. सातला दिवा विझला आणि गाडी वर गेली.
अधिकाऱ्याने मान वर न करता सही केली. ती बाहेर आली आणि काचेवरचा लाल एल नखाने खरवडू लागली. अर्धा निघाला. उरलेला मी काढला.

१६ फेब्रुवारी, रविवार. लातूर
नांदेड ते लातूर, सगळं अंतर मंगल. अहमदपूरला चहा. चहावाल्याने बिल माझ्यासमोर ठेवत विचारलं, ड्रायव्हर सुट्टीवर का सर? मी म्हटलं, ड्रायव्हर कांदाभजी खातेय.
सासूबाई एक्क्याऐंशी. फाटकात उभ्या होत्या. विभूती लावलेली, ठेवणीतलं लुगडं. लेकीला जवळ घ्यायच्या आधी गाडीला एक फेरी मारली. मग दार उघडून पुढे बसल्या.
"जावईबापू, तुम्ही मागं बसा."
बसलो. मंगलचं गाडी चालवणं मागून प्रथमच पाहिलं. गिअर टाकताना तिचा खांदा किंचित पुढे जातो. देवळापर्यंत गेलो. परत फाटकाशी आलो तर सासूबाई उतरेनात.
"आता माहूरला न्हे मला. रेणुकेला. तूच चालवायचं."
माहूरचा घाट. लहान गाडी, तीन माणसं, वळणावर चढ. मंगलने आरशात माझ्याकडे पाहिलं.
तू ठरव, म्हणालो.
ती बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं.
"आता काय ठरवायचं ऱ्हायलंय गं?"
"दिवस तेवढा, आई," मंगल म्हणाली, आणि पहिला गिअर टाकला.